काळोख किती दूर असावा?

बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे 1905 साली लागले. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार होणारी वीज 1902 पासूनच कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळत होती. तीच पुढे शहरात आली आणि पेठेतला चौक उजळला. देशात इतक्या लवकर विजेच्या दिव्यांनी उजळलेली शहरे फार थोडी. याच शहरात 1970च्या दशकाच्या मध्यावर भारतीय खगोलभौतिकी संस्थेने आपले मुख्यालय आणले. तिच्या दुर्बिणी मात्र तेव्हा इथून सुमारे 175 किलोमीटरवर, तमिळनाडूतल्या जवादी डोंगरात, कावलूर नावाच्या खेड्याजवळ उभ्या होत्या. हे अंतर कसे ठरले, ते याहून कमी किंवा जास्त का नव्हते, हा प्रश्न वेधशाळांच्या इतिहासात क्वचित विचारला जातो. चांगली जागा म्हणजे जास्तीत जास्त काळोखाची, जास्तीत जास्त उंचीची जागा, असे आपण धरून चालतो आणि मग प्रत्येक निवड त्या मापाने तपासतो. दक्षिण भारतातला आणि महाराष्ट्रातला दोनशे वर्षांचा पुरावा वेगळे सांगतो. इथे जागा निवडणाऱ्यांनी दर वेळी काळोख आणि पोहोच यांची तडजोड केली. ती जिथे नीट जमली तिथे काम झाले. जिथे फक्त एका बाजूचा विचार झाला तिथे दुर्बिणी पडून राहिल्या. या तडजोडीत महानगराइतकाच, काही वेळा त्याहून जास्त, वाटा जवळच्या लहान गावाचा असतो, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात मद्रासपासून करावी लागते, कारण बंगळूरच्या संस्थेची वंशावळ तिथे पोचते. विल्यम पेट्री या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने 1786 मध्ये मद्रासला खासगी वेधशाळा थाटली, ती पुढे कंपनीने ताब्यात घेतली, आणि 1792 मध्ये नुंगमबाक्कमला तिची स्वतंत्र इमारत झाली. आजच्या मापाने ही जागा वाईटच होती. समुद्रसपाटीची दमट हवा, बाजूला वाढणारे बंदर आणि वर्षातून दोनदा येणारे ढग. पण कंपनीला तारे हवे होते ते जहाजांसाठी आणि जमिनीच्या मोजणीसाठी. रेखांश आणि वेळ बिनचूक ठरवणे हे वेधशाळेचे काम होते आणि ते काम बंदराजवळच उपयोगाचे होते. पुढे देशाच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने मद्रासचा रेखांश आधाराला घेतला, आणि रेल्वेगाड्याही बराच काळ मद्रासच्या वेळेने धावल्या. थोडक्यात, पोहोच हेच त्या जागेचे खरे मोल होते. त्याच दमट हवेतून नॉर्मन पॉगसन यांनी 1861 मध्ये एक लघुग्रह शोधला आणि त्याचे नाव ‘एशिया’ ठेवले, ही गोष्ट जागेपेक्षा चिकाटीबद्दल जास्त सांगते. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करण्याचा काळ आल्यावर मात्र मद्रास अपुरे पडणार, हे पॉगसननाच कळले होते, आणि दक्षिणेतल्या डोंगरावर मोठी दुर्बीण बसवावी असा आग्रह त्यांनी धरला.

डोंगराच्या शोधाला बळ मिळाले ते दुष्काळातून. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाने दक्षिण होरपळली, आणि सूर्यावरचे डाग आणि मोसमी पाऊस यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न सरकारच्या दृष्टीने निकडीचा झाला. खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स मिची स्मिथ यांनी निलगिरी आणि पळणी या दोन्ही डोंगररांगांची पाहणी केली. हवेची पारदर्शकता, स्थिरता, ढगांचे दिवस या साऱ्याची तुलना झाली. 1893 मध्ये कोडाईकनाल ठरले, 1895 मध्ये पायाभरणी झाली आणि 1899 पासून वेधशाळा तिथे चालू झाली. उंची सुमारे 2,340 मीटर. ही पहिली शास्त्रशुद्ध निवड म्हणून तिचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण कोडाईकनाल हे काही ओसाड शिखर नव्हते. अमेरिकन मिशनऱ्यांनी 1845 पासून तिथे वस्ती केली होती. घरे, बाजार, हमाल, डाक हे सगळे तयार होते. निर्मनुष्य डोंगरावर सरकारी दुर्बीण चढवून तिथे माणसे वर्षानुवर्षे ठेवणे त्या काळी जवळपास अशक्य होते. शिवाय ही निवड सूर्यासाठी होती. सकाळी, जमीन तापण्याआधी, तिथली हवा फार स्थिर असते आणि सूर्याचे बिंब स्वच्छ दिसते. जॉन एव्हरशेड यांनी 1909 मध्ये सूर्यडागांतल्या वायूंचा बाहेर जाणारा प्रवाह इथूनच शोधला. रात्रीच्या ताऱ्यांसाठी मात्र याच डोंगराचे धुके आणि दोन्ही पावसाळ्यांचे ढग आड येत. सूर्य पाहण्याची चांगली जागा तारे पाहण्याचीही चांगली जागा असेलच असे नाही, हे कळायला अर्धे शतक गेले.

याच सुमारास महाराष्ट्रात एक प्रयोग झाला, आणि माझ्या म्हणण्याला त्याचा आधार दोन्ही बाजूंनी मिळतो. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली. ग्रब कंपनीची 20 इंची परावर्तक दुर्बीण, आणि ती चालवणारे एकटे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला. जागा निवडली गेली ती अध्यापकाच्या सोयीने. आकाशाचा विचार झालाच नाही. नेगमवाला कर्तबगार होते, त्यांनी वर्णपटांचे चांगले काम केले, पण 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. पोहोच पुरेपूर आणि आकाश बेताचे, अशा जागेचे आयुष्य एका माणसाच्या नोकरीइतके ठरले. याच नेगमवालांनी 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला पुणे सोडून सोलापूर जिल्ह्यातले जेऊर गाठले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते. नॉर्मन लॉकयर आरमारी जहाजाच्या मदतीने कोकणात विजयदुर्गाला उतरले, आणि ॲनी माँडर व त्यांचे पती वऱ्हाडातल्या तळणीला. तळणीहून ॲनी माँडर यांनी काढलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडलाचा अतिशय लांब झोत उमटला. ग्रहणाची सावली महाराष्ट्राच्या शेकडो गावांवरून गेली, त्यांतली ही तीन का? जेऊर आणि तळणी रेल्वेच्या मार्गावर, विजयदुर्ग खोल पाण्याच्या खाडीवर. जानेवारीचे आकाश तिन्हीकडे निरभ्र असणार होते. निवड झाली ती पेट्या कुठे उतरवता येतील यावरून. जाता जाता एक दुरुस्ती आवश्यक वाटते. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे आजही अभिमानाने सांगितले जाते. ती पिवळी रेषा 1868 मध्ये दिसली, ऑगस्टच्या ग्रहणात गुंटूरला आणि ऑक्टोबरात लॉकयरना इंग्लंडमधून. विजयदुर्गाची 1898 ची मोहीम खरी आणि मोलाची आहे; तिला उसन्या शोधाची गरज नाही.

आता कावलूर. वैनू बाप्पू 1960 मध्ये कोडाईकनालचे संचालक झाले तेव्हा ते नवशिके नव्हते. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत कामाला असल्याने बाप्पूंचे लहानपण दुर्बिणीजवळ गेले होते. हार्वर्डमध्ये शिकत असताना 1949 मध्ये त्यांच्या नावाचा धूमकेतू सापडला. परत आल्यावर उत्तर प्रदेशची सरकारी वेधशाळा 1955 मध्ये वाराणसीहून नैनितालला नेण्याचे काम त्यांनीच केले होते. हिमालयाचे आकाश त्यांना माहीत होते. तरी दक्षिणेत रात्रीच्या वेधांसाठी नवी जागा शोधताना त्यांनी उंच शिखरे सोडली आणि जवादी डोंगरात चंदनाच्या जंगलातली फक्त 725 मीटर उंचीची जागा पक्की केली. 1968 मध्ये तिथे 38 सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण चालू झाली. ती कोडाईकनालच्या कार्यशाळेतच बनवलेली होती. 1972 मध्ये एक मीटरची झाइस दुर्बीण आली. पुढची 2.34 मीटरची, देशात बनलेली दुर्बीण पाहायला बाप्पू उरले नाहीत. 1982 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 6 जानेवारी 1986 रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी वेधशाळेला आणि दुर्बिणीला त्यांचे नाव दिले.

कावलूरवरचा नेहमीचा आक्षेप असा की ही जागा चुकली. उंची कमी, त्यामुळे हवेचा जाड थर डोक्यावर. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे ढग, ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस. खऱ्या अर्थाने उत्तम रात्री जानेवारी ते मे. एवढी मोठी दुर्बीण अशा ठिकाणी का, असे विचारणाऱ्यांचे मुद्दे खोटे नाहीत. पण ते अर्धेच चित्र पाहतात. कावलूरचा अक्षांश साडेबारा अंश उत्तर. इथून त्रिशंकूचा सर्वांत तेजस्वी तारा क्षितिजापासून चौदा अंश वर येतो, अगस्त्य जवळपास पंचवीस अंशांवर तळपतो, नरतुरंगातला ओमेगा हा भव्य तारकागुच्छ तीस अंशांपर्यंत चढतो. लडाखमधल्या हान्लेहून अगस्त्य क्षितिजाला जेमतेम चिकटतो आणि त्रिशंकूचा तो तारा उगवतच नाही. उत्तर ध्रुवाकडचेही बरेच आकाश कावलूरला दिसते. रेखांशाचाही प्रश्न आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात, दक्षिणेचे आकाश पाहू शकणाऱ्या सुसज्ज दुर्बिणी त्या काळी जवळपास नव्हत्याच. 10 मार्च 1977 रोजी युरेनस एका ताऱ्याआडून जाणार होता आणि ती घटना हिंदी महासागराच्या भोवतालच्याच भागातून दिसणार होती. भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीतून ताऱ्याचा प्रकाश अचानक मंदावल्याची नोंद केली. त्यांना तो नवा उपग्रह वाटला. त्याच घटनेचे वेध विमानातल्या दुर्बिणीतून आणि इतर ठिकाणांहून घेतले गेले होते, आणि त्या सगळ्यांची जुळणी झाल्यावर कळले की ही युरेनसची कडी आहेत. त्या रात्री दुसऱ्या कोणत्याही उंच, कोरड्या शिखरापेक्षा कावलूर मोलाचे होते, कारण ते योग्य जागी होते आणि तिथे माणसे दुर्बिणीपाशी हजर होती.

हजर असणे हा मुद्दा मी मुद्दाम लावून धरतो. वाणियंबाडी हे रेल्वेचे स्टेशन, तिथून आलंगायम हे छोटे गाव, आणि तिथून डोंगरात कावलूर. मद्रास आणि बंगळूर यांना जोडणारा लोहमार्ग आणि महामार्ग पायथ्याशी. बिघडलेला भाग बंगळूरहून दिवसात पोचतो, आरसा नव्याने मुलामा द्यायचा असेल तर त्यासाठी लागणारी माणसे एका रात्रीत येतात, विद्यार्थी आठवड्याला ये-जा करू शकतात. 1988 मध्ये राजमोहन यांना कावलूरच्या श्मिट दुर्बिणीतून सापडलेल्या लघुग्रहाला रामानुजन यांचे नाव मिळाले; असे शोध एका सुंदर रात्रीतून लागत नाहीत, त्यासाठी महिनोन्महिने रोज रात्री काचपट्ट्या काढणारे लोक लागतात. जागेची पोहोच म्हणजे हे. शिवाय 2014 मध्ये चालू झालेल्या नव्या 1.3 मीटरच्या दुर्बिणीसाठी भारतीय खगोलभौतिकी संस्थेने, लडाखमधली हान्लेची वेधशाळा हाताशी असूनही, कावलूरच निवडले. चुकलेल्या जागेवर कोणी दुसऱ्यांदा पैसा घालत नाही.

इथे जाणकार वाचक हान्लेचाच दाखला देईल. जवळपास 4,500 मीटर उंची, कोरडी थंड हवा, आसपास मोठे शहर नाही, आणि तिथे 2000 मध्ये बसलेली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण. इथे तर पोहोच शून्य आणि काळोख संपूर्ण, मग तडजोडीची गोष्ट कुठे राहिली? मला वाटते हान्लेच माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. ती दुर्बीण चालवली जाते ती बंगळूरपासून तीसेक किलोमीटरवरच्या होसकोटेहून. 2001 पासून उपग्रहाच्या दुव्यातून, दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरून, निरीक्षक होसकोटेच्या खोलीत बसून दुर्बीण वळवतो आणि छायाचित्रे घेतो. हान्लेचे काळोखी आकाश त्याआधीही हजारो वर्षे तसेच होते. ते भारतीय खगोलशास्त्राच्या उपयोगी पडले ते पोहोचेचा प्रश्न तारांऐवजी उपग्रहाने सुटल्यावर. मराठी वाचकाला होसकोटे वेगळ्या कारणाने ओळखीचे असेल: बंगळूर, कोलार, शिरे यांच्याबरोबर ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज ते बंगळूरच्या वाढीत जवळपास मिसळले आहे, रात्री तिथे मोजके तारे दिसतात, आणि तरी देशातल्या उत्तम आकाशाची गादी तिथे आहे. याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

प्रकाशाऐवजी रेडिओलहरी टिपणाऱ्यांची कथाही हेच सांगते, फक्त तिथे काळोखाच्या जागी शांतता असते. गोविंद स्वरूप यांनी उटीजवळ असा डोंगरउतार शोधला की त्याचा कल तिथल्या अक्षांशाइतकाच, सुमारे अकरा अंश होता. त्यामुळे 530 मीटर लांबीची दुर्बीण उतारावर आडवी ठेवून एकाच अक्षाभोवती फिरवता आली आणि 1970 मध्ये ती चालू झाली. निसर्गाने दिलेला उतार वापरून लाखोंचा खर्च वाचला. पुढे त्यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महादुर्बीण उभारली. तिथे रेडिओ गोंगाट कमी होता, पण पुणे–नाशिक रस्ताही जवळ होता आणि पुण्याचे विद्यापीठही. बंगळूरच्या उत्तरेला गौरीबिदनूरची रेडिओ वेधशाळाही अशीच, टेकड्यांच्या आडोशाला आणि शहरापासून दिवसात जाऊन येण्याइतकी दूर. पुण्याच्या आयुकाची गिरवलीची दुर्बीण पुण्याहून सुमारे 80 किलोमीटरवर. मुंबईच्या हौशी निरीक्षकांनी वर्षानुवर्षे रात्रभराचे आकाशदर्शन वांगणीला केले, कारण तिथे लोकल थांबते. खगोल मंडळ या त्यांच्या संस्थेच्या लोकांना याहून काळोखी गावे माहीत नव्हती असे कोण म्हणेल? शेवटच्या गाडीने येऊन पहाटेच्या पहिल्या गाडीने परतणारे शेकडो विद्यार्थी तिथे येऊ शकत होते. भंडारदऱ्याला ते आले नसते.

आता लहान गावाच्या वाट्याकडे येतो, कारण आकाशस्थळ शोधणारे बहुतेक लोक इथे फसतात. नकाशावर महानगरापासून शंभर किलोमीटर मोजले की काम झाले, असा समज असतो. मर्ल वॉकर यांनी 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या शहरांचा आकाशावर पडणारा उजेड मोजून एक ढोबळ नियम काढला: हा उजेड लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने घटतो. म्हणजे अंतर दुप्पट केले तर शहराचा उजेड पाचपटींहून अधिक घटतो. आता हाच हिशेब उलटा करून पाहावा. एक कोटी वस्तीचे शहर शंभर किलोमीटरवर असेल, तर तितकाच उजेड दहा हजार वस्तीचे गाव सव्वासहा किलोमीटरवरून टाकते. शंभर किलोमीटरच्या पुढे मोठ्या शहराचा उजेड या नियमाहून वेगाने कमी होतो, म्हणजे गावाचा वाटा आणखी वाढतो. कावलूरचे खरे शेजारी म्हणूनच बंगळूर आणि चेन्नई नाहीत. आलंगायम आणि वाणियंबाडी आहेत. बाजारपेठेतला एखादा उघडा झोतदिवा, पेट्रोलपंपाचे छत, शाळेच्या मैदानावरचा खांब, यांचा परिणाम दूरच्या महानगराइतका होऊ शकतो. हौशी निरीक्षकांच्या बाबतीत तर तो जास्तच, कारण त्यांची जागा बहुधा गावाच्या शिवेवरच असते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. ज्या गावांनी दोन पिढ्या विजेची वाट पाहिली, त्यांना शहरातले लोक येऊन दिवे विझवायला सांगणार का? रात्री शेतावरून परतणाऱ्या बाईला, सापाच्या भीतीने अंगणात दिवा ठेवणाऱ्या माणसाला उजेड हवा आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. मी हा हक्क पूर्णपणे मान्य करतो. पण वर जाणारा प्रकाश कोणाच्याच पायाखाली पडत नाही. दिव्याला वरून झाकण, झोत खाली, रंग पिवळसर, आणि गरजेइतकीच तीव्रता. एवढ्याने रस्ता तितकाच उजळ राहतो आणि आकाश वाचते. हे फक्त कागदावरचे नाही. लडाख प्रशासनाने डिसेंबर 2022 मध्ये हान्लेभोवतीचा 1,073 चौरस किलोमीटरचा प्रदेश काळोखी आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला; तिथल्या चोवीस गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन आकाश दाखवण्याचे प्रशिक्षण दिले गेले, आणि घरातल्या दिव्यांवर पडदे लावण्यात त्यांचा सहभाग घेतला गेला. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातल्या पहिल्या काळोखी आकाश उद्यानाचा दर्जा मिळाला; त्यासाठी वाघोडा, सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांचे तोंड जमिनीकडे करण्यात आले. दोन्हीकडे दिवे राहिले, आणि दोन्हीकडे गाव करारातला पक्ष झाले. बाप्पूंच्या काळात याची गरज पडली नव्हती, कारण तेव्हाच्या आलंगायमला आकाश उजळण्याइतके दिवेच नव्हते.

आजच्या शोधकाला उपग्रहांवरून काढलेले प्रकाशप्रदूषणाचे नकाशे मिळतात, त्यामुळे मिची स्मिथांसारखी पायपीट निरर्थक झाली असेही काही जण म्हणतात. हे नकाशे उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर विसंबण्याआधी ते काय पाहत नाहीत हे जाणून घ्यावे. रात्रीचे दिवे टिपणारे उपग्रहांवरचे प्रमुख उपकरण 500 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे निळा प्रकाश ओळखत नाही. गावाने जुने पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले की प्रत्यक्षात आकाश अधिक उजळते, कारण निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. नकाशावर मात्र ते गाव काळोखे झाल्यासारखे दिसू शकते. दरीतले पहाटेचे धुके, उन्हाळ्यात पेटवलेल्या शेतांचा धूर, दगडखाणीची धूळ, वनखात्याची रात्रीची बंदी, यांतले काहीही त्या नकाशावर नसते.

बंगळूरच्या परिसरात दिशेचा प्रश्न तर नकाशा मुळीच सोडवत नाही. शहरवासीयांची पहिली पसंती नंदी डोंगराला असते: उत्तरेला साठेक किलोमीटर, 1,478 मीटर उंची, रस्ता उत्तम. पण उत्तरेला उभे राहून दक्षिणेकडे पाहायचे म्हणजे देवनहळ्ळीचा विमानतळ आणि सगळे महानगर यांच्या उजेडातून पाहायचे. तेरा अंश अक्षांशावर आकाशाचे खरे वैभव दक्षिणेकडे आहे. वृश्चिकाची नांगी, धनुतला आकाशगंगेचा दाट भाग, नरतुरंग, त्रिशंकू, अगस्त्य. शहराच्या दक्षिणेला किंवा आग्नेयेला गेले तर उजेडाचा घुमट पाठीमागे, ध्रुवताऱ्याच्या बाजूला राहतो, जिथे त्याने फारसे बिघडत नाही. कनकपुऱ्याच्या पलीकडे कावेरीकाठचे जंगल काळोखे आहे, पण तिथे हत्तींचा वावर आहे आणि परवानगीवाचून रात्री थांबता येत नाही. कृष्णगिरीच्या पुढे, जवादीच्या बाजूची खेडी म्हणून अधिक सोयीची ठरतात. तिथे जागा निवडताना पौष ते वैशाखातल्या अमावस्यांच्या आसपास, एकाच ठिकाणी निरनिराळ्या महिन्यांत, दक्षिण क्षितिजापासून किती अंशांवर तारे नीट दिसू लागतात याची नोंद करावी. ती नोंद घेऊन ग्रामपंचायतीकडे जावे आणि गावचे दिवे पुढच्या वेळी बदलले जाणार असतील तेव्हा झाकणाचे, पिवळसर दिवे मागवायला सांगावे. दिव्याचे झाकण कावलूरच्या दुर्बिणीलाही लागते आणि आलंगायमच्या शाळेतल्या मुलांनाही, ज्यांच्या घरावरून आकाशगंगा अजून दिसते.